उधाणाचं पोट

आये, काल दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरणीने माझं पोट तपासलं. पित्ताची तक्रार होती, दुसरं काही नाही. तिने लुगडं जरा खाली सरकवलं आणि बेंबीभोवतीचे चार डाग पाहून तिचा हात थबकला. "हे काय हो आजी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आईचा अंगठा. तिला सही येत नव्हती." तिला हसावं की नाही ते कळेना. मला मात्र जो राग आला तो घरी येईपर्यंत पुरला. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. ज्या वयाची तू गेलीस त्याच्या पुढे मी वीस पावसाळे पाहिले, आणि तरी तुझ्याशी भांडायचं म्हटलं की मी सात वर्षांची होते. म्हणून आज नातवाची जुनी वही घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. पण ऐकूनही तू कधी घेतलं नाहीस, तेव्हा लिहिलं काय आणि बोललं काय, सारखंच.

पहिली गोष्ट ठणकावून सांगते. माझं पोट दुखत होतं. खरंच दुखत होतं. बेंबीच्या आत कुणी ओला दोर पिळतंय असं व्हायचं, कपाळाला घाम यायचा, हातपाय गार पडायचे. घटकाभराने ते जसं आलं तसं निघून जायचं, मग मी उठून भाकरी आणि बोंबलाचं कालवण खायची आणि अंगणात लंगडी खेळायची. तुला नेमकं तेच खुपायचं. "भाकर खाताना बरा दुखत न्हाय गो तुझा पोट," तू सगळ्या बायकांसमोर म्हणायचीस आणि त्या फिदीफिदी हसायच्या. दुखणं गेल्यावर पोर खेळणार नाही तर काय सुतक पाळणार? मोठ्या माणसाचं डोकं दुखून थांबलं की तो उठून कामाला लागतो, त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. ढोंगी हा शब्द तू माझ्यासाठी राखून ठेवला होतास, आणि तो शब्द आजही मी तुला परत करते आहे.

सगळं सुरू झालं तेव्हा जर्मनीशी झालेली पहिली लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. आपलं घर रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी, कोळीवाड्याच्या शेवटच्या रांगेत. घरात बा, तू, मी, बाचा धाकटा भाऊ आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली त्याची नवरी. काका माझा फार लाडका. बोटीवरून येताना तो माझ्यासाठी दोऱ्याला बांधलेली जिवंत चिंबोरी आणायचा आणि ती अंगणात कुत्र्यासारखी फिरवायला द्यायचा. बा आणि काका एकाच मचव्यावर जायचे, डोलीच्या मासेमारीला. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ती पिशवीसारखी मोठी जाळी बांधायची आणि पाण्याच्या ओढीने मासळी आत शिरायची वाट बघायची. ओढ जोराची हवी, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मचवे जायचे, चार-पाच दिवस तिकडेच राहायचे, आणि अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावलं, भांग लागला, की घरी येऊन जाळी दुरुस्त करत बसायचे. आपल्या वाड्यात कुणी दिनदर्शिका पाहत नव्हतं. उधाण आणि भांग यांवरच लग्नं ठरायची, उधारी ठरायची आणि भांडणंही ठरायची.

आणि एक नियम होता, तो मला भाषा यायच्या आधीपासून येत असावा. मर्द माणूस बोटीवर निघाला की त्याला मागून हाक मारायची नाही. कुठे निघालास म्हणून विचारायचं नाही. टोकलं तर दर्या ऐकतो म्हणे. नारळी पौर्णिमा होऊन दोन उधाणं झाली होती. त्या सकाळी काका निघतो आणि त्याची तंबाखूची चंची खुंटीवरच राहते. मी ती पाहते. चंची नसली की काका कसा चिडचिडा होतो हे मला माहीत आहे, म्हणून ती घेऊन चिखल तुडवत मी पाण्यापर्यंत धावते. तो गुडघाभर पाण्यात पोचलेला. मी पूर्ण घसा काढून ओरडते, "काका, थांब! तुझी चंची!" तो वळतो, हसतो, परत येऊन माझ्या गालाला ओला हात लावतो. "बरा झाला गो आणलीस, न्हायतर चार दीस काय तुझा डोका खाल्ला असता?" म्हणतो आणि चंची कमरेला खोचतो. मचव्यावरची माणसं शीड चढवायच्या गडबडीत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं ते ओट्यावर उभ्या असलेल्या तुझं.

मचवा चौथ्या दिवशी आला, काका आला नाही. डोल सोडताना दोराचा फास त्याच्या पायात बसला आणि त्याला घेऊन खाली गेला, असं बा सांगत होता आणि सांगता सांगता स्वतःच्याच पायाकडे बघत होता. काकी जमिनीवर डोकं आपटत होती. तू मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलंस, बोंबलाच्या गोणींमागे, आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणालीस, "तू टोकलंस त्याला. कोणाला बोलू नको. काकीला न्हाय, बाला तर न्हायच." एवढंच. पुन्हा तू तो विषय जन्मात काढला नाहीस. मला कळतं आता, तू मला लपवत होतीस. काकीच्या कानावर गेलं असतं तर तिने मला जगू दिलं नसतं, आणि वाड्यानेही. एवढं कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. पण कळलं म्हणून सोडून दिलं, असं समजू नकोस. सात वर्षांच्या पोरीच्या पोटात तू एक मेलेला माणूस ठेवलास आणि वर झाकण लावलंस.

पुढच्या उधाणाला पोट दुखलं. त्याच्या पुढच्यालाही. तू काही केलं नाहीस असं मी म्हणणार नाही, तू सगळं केलंस, हीच तर तक्रार आहे. ओवा चावायला दिलास, हिंग कालवून बेंबीवर थापलंस, नाक दाबून एरंडेल पाजलंस. जंतांवर किरमाणी ओवा दिलास आणि खरोखर दोन जंत पडले, तेव्हा तर तू केळीच्या पानावर ते घेऊन शेजारच्या दोन घरांत दाखवून आलीस, जणू पापलेटच पकडलं होतंस. सगळ्यांनी म्हटलं, सुटली पोरगी. अमावस्येला मी पुन्हा पाय पोटाशी घेऊन पडले. मग आपल्या माणसांनी आपल्या पद्धतीने हिशेब केला. पोट दुखतं अमावस्येला आणि पौर्णिमेला, भांगाला दुखत नाही. म्हणजे हे उधाणाचं पोट. भरती-ओहोटी ज्यांच्या नसांत मुरलेली, त्यांना दुसरं काय सुचणार? सगळ्यांनी पाणी चढताना पाहिलं. त्याच पाण्यावर त्याच सकाळी माझा बाप घरातून निघतो, मी ओठ दातांखाली धरून दारात उभी असते, माझ्या तोंडून चुकून शब्द निघेल या भीतीने, हे एकालाही दिसलं नाही. बाहेरच्या कुणी, भात पिकवणाऱ्या माणसाने पाहिलं असतं, तर कदाचित विचारलं असतं की बाई, त्या दिवशी घरात काय होतं? आपल्याला सगळं पाण्यातच दिसायचं.

भगत आला. त्याने तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि सांगितलं की बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही, तो जागा शोधतोय, उधाणाच्या पाण्यावर येतो आणि पोरीच्या पोटात बसतो. आये, तुला आठवतं का त्यावेळी माझ्याकडे पाहिलेलं? तू पाहिलंस. आपल्या दोघींनाच माहीत होतं की तो माझ्याच पोटात का येऊन बसेल. भगताला काही माहीत नव्हतं, त्याने अंधारात दगड मारला आणि तो नेमका लागला. उपाय सांगितला: चार उधाणं, चार दिशांना चार डाग. आणि वर्षभर डोक्यावर ओझं नको. दुसऱ्या कुणाच्या हाताने डाग द्यायला तू तयार झाली नाहीस. शीड शिवायचं बाचं दाभण तू चुलीत घातलंस, त्याचं टोक जांभळासारखं काळं होतं ते लाल झालं, आणि काकीने माझे पाय धरले. कातडं भाजल्याचा वास सुकट भाजल्यासारखाच येतो, हे मला तेव्हा कळलं. चार उधाणं, चार वेळा. चारही वेळा बा समुद्रावर होता. चारही वेळा तू नंतर खोबरेल लावलंस आणि मला मांडीवर घेऊन बसलीस, आणि मी तुझ्याच कुशीत शिरले, कारण दुसरीकडे शिरायला जागा नव्हती. त्याचा मला आजही संताप येतो, तुझा आणि माझाही.

पाचव्या उधाणाला पोट दुखलं. तू विचारलंस, "दुखतंय का गो?" मी म्हटलं, "न्हाय." मागच्या पडवीत जाऊन जाळ्याचा दोर दातांत धरला आणि ती कळ तशीच जाऊ दिली. सहाव्याला तेच केलं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तू देवीला ओटी भरलीस आणि वाड्यात सांगत सुटलीस की डाग लागू पडला. तुझा हात गुणाचा ठरला. मग बाया पोरं घेऊन आपल्या दारात यायला लागल्या. कुणाचं पोट, कुणाची कावीळ, कुणाची आकडी. पलीकडच्या घरातली माझ्या बरोबरीची पोरगी आणली तेव्हा तिचे हात धरायला तू मला बसवलंस, का तर मी बरी झालेली. दाभण जवळ आलं तेव्हा ती तुझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर वाचली असती. आठ वर्षांची पोर मी, गप्प बसले. माझ्या "न्हाय दुखत" या खोट्यावर तू किती पोरं भाजलीस ते देवालाच ठाऊक. ढोंगी तू मला पोट दुखायचं तेव्हा म्हणालीस. मी ढोंगी झाले ती पोट दुखत नाही म्हणाले तेव्हा.

भगताचं एक सांगणं मात्र मला फळलं. डोक्यावर ओझं नको म्हटल्यावर मासळीची टोपली घेऊन तुझ्यामागे चौलच्या बाजाराला जायला मी निरुपयोगी झाले. बाने मला मराठी शाळेत घातलं. वाड्यातल्या दोनच पोरी शाळेत होत्या. चौथी झाले, लिहा-वाचायला शिकले, त्यामुळे आज तुझ्याशी असं कागदावर भांडता येतं आहे. त्याबद्दल भगताला एक नारळ मी देणं लागते.

मग माझं लग्न झालं, आगरदांड्याच्या समोर, खाडीपलीकडे, तुझ्यापासून एक दिवसाच्या वाटेवर. नवराही डोलीचाच. मिठाची चळवळ होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, माझी थोरली सहा वर्षांची होती, आणि एका सकाळी ती पाय पोटाशी घेऊन पडली. बेंबीवर बोट ठेवून म्हणाली, "हिथं." मी तिला उचललं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हातारा होता, त्याने पोट सगळीकडून दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या. रात्री झोपेतून उठते का, ताप येतो का, उलटी होते का, जेवते का, वाळली आहे का, असं खोदून खोदून विचारलं. सगळ्याला उत्तर नाही किंवा बरं आहे असंच होतं. मग म्हणाला, "पोटात रोग नाही." मी विचारलं, "मग खोटं बोलते का?" तो माझ्यावर खेकसला. "खोटं कोण म्हणालं? दुखतंय ते खरंच दुखतंय. का दुखतंय ते माझ्या नळीला ऐकू येत नाही. कधी दुखतं ते तू बघ. आई तू आहेस की मी?" आये, हे वाक्य मला सात वर्षांची असताना कुणी म्हणायला हवं होतं. मला नव्हे, तुला.

मी बघायला लागले. रोज दोरीला एक साधी गाठ, आणि ज्या दिवशी दुखलं त्या दिवशी दुहेरी. दोन महिन्यांनी दोरी हातात घेऊन मोजत बसले. अमावस्या, पौर्णिमा, अमावस्या, पौर्णिमा. उधाणाचं पोट. चौथी शिकलेली बाई मी, डॉक्टरचं बोलणं कानात होतं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? काका आला. मला सोडून आता माझ्या पोरीच्या पोटात आला. त्याच दिवशी आगरदांड्याला जाणाऱ्या माणसाबरोबर मी तुला निरोप धाडला. तुला बोलावलं मीच, हे मी लपवणार नाही.

तू आलीस चतुर्दशीला, दुपारी. सकाळीच माझा नवरा मचव्यावर गेला होता आणि पोर निजून होती. तू कमरेची चंची सोडलीस, आतून चिंधीत गुंडाळलेलं तेच दाभण काढलंस, न बोलता चुलीत सरकवलंस आणि मला म्हणालीस, "पाय धर." मी पाय धरले. हो, धरले. दाभण लाल झालं, तू उचललंस, आणि माझ्या पोरीने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या पलीकडच्या घरातल्या पोरीने पाहिलं होतं तसंच. मी तुझं मनगट इतक्या जोरात धरलं की दाभण मातीवर पडलं. "माझ्या पोरीला हात लावायचा न्हाय," मी म्हटलं. तू चकित झालीस. "तूच बोलावलंस ना मना? तू बरी झालीस ना?" मी ओरडले, "मी बरी न्हाय झाले. मी गप झाले. पाचव्या उधाणाला दुखला, सहाव्याला दुखला, बारा वरसांची होईतो दुखला!" आणि मग जे कधीच काढायचं नव्हतं ते काढलं. "काकाला मी न्हाय बुडवला, आये. दोर पायात अडकला." तू चुलीकडे बघत म्हणालीस, "मना म्हाईत हाय."

तुला माहीत होतं! मग मला का भाजलंस, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "तुझा पोट दुखत होता. मी काय करू? नुसती बघत बसू?" त्यावेळी मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलं आहे, ऐक. व्हय, बघत बसायचं. जवळ बसायचं. पोटावर हात ठेवायचा, तापवलेलं लोखंड नव्हे, नुसता हात, आणि विचारायचं की बाय, तुला कशाची भीती वाटते? लेकराचं दुखणं बघवत नाही म्हणून आपण काहीतरी करतो, आणि ते करणं आपल्यासाठी असतं, लेकरासाठी नसतं. हे मी आजवर शंभर बायांना सांगितलं आहे, तुला सांगायचं राहिलं.

तेव्हा मी एवढंच केलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि तुझ्यासमोर विचारलं, "बा निघतो तेव्हा तुझ्या मनात काय येतं?" ती म्हणाली, "मी बोलले तर बा बुडंल ना?" मी विचारलं, "कोण बोलला तुना असा?" आणि ती म्हणाली, "तूच. बा निघतो तवा तू माझ्या तोंडावर हात ठेवतेस." आये, मला ते माहीतही नव्हतं. दर उधाणाला, तिच्या जन्मापासून, माझा हात आपोआप तिच्या तोंडावर जात होता. झाकण तू माझ्या पोटावर लावलंस ते मी उचलून तिच्या तोंडावर ठेवलं होतं. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा असा झाला होता की कुणी तुलाच डाग दिला असावा. त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस, आणि सकाळच्या पहिल्या होडीने परत निघालीस. दाभण चुलीपाशीच राहिलं.

पुढच्या पौर्णिमेला मी काय केलं ते तुला कळलंच असेल. कोळीवाड्यातल्या बातमीला वल्ही लागत नाहीत. नवरा पाण्यात गुडघाभर गेला आणि मी पोरीला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर उभी राहिले, सगळ्यांच्या देखत. तिच्या कानात म्हटलं, "मार हाक." ती ओठातल्या ओठात पुटपुटली. मी म्हटलं, "जोरात." आणि ती ओरडली, "बा, लवकर ये!" सगळा किनारा थिजला. सासूने कपाळ बडवून घेतलं. तांडेल, मचव्याचा म्होरक्या, पाण्यात थुंकला. माझा नवरा पाठमोरा तसाच उभा राहिला, जन्मात कुणी त्याला मागून हाक मारली नव्हती. मग तो वळला आणि हात वर करून म्हणाला, "येतंव गो!" तांडेलाने मचवा अडवून धरला, माझ्या घरचा नारळ मागून घेतला, फोडला, आणि मगच शीड चढवलं.

पाच दिवस सासू माझ्याशी बोलली नाही. पाच दिवस पोरगी पोटभर जेवली आणि गाढ झोपली. पोट दुखलं ते माझं. तोच पिळलेला दोर, तोच घाम. सहाव्या दिवशी मचवा आला, बोंबलाने भरून आला, म्हणून मी वाचले. नवरा मात्र महिनाभर घुश्शात होता. तो आला नसता तर? लोकांनी मला चेचून मारलं असतं, आणि मरता मरताही मी हेच म्हटलं असतं की हाकेने माणूस बुडत नाही. दोराने बुडतो, वाऱ्याने बुडतो, पायाकडे न बघितल्याने बुडतो. पोरीचं दुखणं जादूने गेलं नाही. पुढच्या उधाणाला थोडं आलं, त्याच्या पुढच्याला आणखी थोडं, शिमग्यापर्यंत विसरली. नंतर शाळेच्या परीक्षेला पुन्हा एकदा दुखलं, तेव्हा मी हसून तिच्याशेजारी पाढे म्हणत बसले. माझ्या वाड्यातल्या एकाही पोराला त्यानंतर मी डाग देऊ दिला नाही. ज्याचं पोट त्याला झोपेतून उठवायचं, जे पोर वाळत होतं, ज्याला ताप होता, त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आयांनी शिव्या दिल्या तरी नेलं. बाकीच्यांच्या शेजारी बसले. कुणाचा मास्तर मारकुटा होता, कुणाच्या घरात दारू होती, कुणाला नवं भावंड झालं होतं. जंतही होते पुष्कळांना, उगाच तुझा पाणउतारा कशाला करू.

तू त्यानंतरच्या पावसाळ्यात गेलीस. चार दिवसांचा हिवताप. खाडीला पाणी होतं, होड्या बंद होत्या, निरोप मला आठवड्याने मिळाला. ते दाभण माझ्याकडेच आहे. त्याने मी गोणपाट शिवते, शिवायलाच केलेलं आहे ते.

आता एक राहिलं, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू परत निघालीस त्या सकाळी मी तुझ्यामागे धक्क्यापर्यंत आले होते. अमावस्येचं पाणी काठोकाठ चढलेलं. तू होडीत चढलीस आणि माझ्याकडे पाठ करून बसलीस, गठुडं मांडीवर घेऊन. निघालेल्या माणसाने मागे बघायचं नसतं, तू बघितलं नाहीस. मला तुला हाक मारायची होती. माफ केलं म्हणायला नव्हे, ते मी केलेलं नाही. पण तू उपाशी निघाली होतीस, आणि तुला भाकरी बांधून द्यायची मी विसरले होते. मी तोंड उघडलं. मग ते पाणी पाहिलं, त्यावर एवढीशी होडी पाहिली, आणि माझाच हात माझ्या तोंडावर आला. पंधरा दिवसांनी सगळ्या वाड्यासमोर पोरीला ओरडायला लावणारी ती मीच. तू सुखरूप पलीकडे पोचावीस म्हणून मी गप्प राहिले, आये. होडी आगरदांड्याला टेकेपर्यंत तो हात मी काढला नाही.